सामन्यात वापरलेल्या क्रीडावस्तूंचे प्रमाणीकरण

सामन्यात वापरलेल्या क्रीडावस्तूंचे प्रमाणीकरण म्हणजे एखादा चेंडू, बॅट, जर्सी, टोपी किंवा शिरस्त्राण विशिष्ट खेळाडूने विशिष्ट सामन्यात खरोखर वापरले होते काय, याची पडताळणी करून तसा दाखला देण्याची व्यवस्था होय. अशा वस्तूंना संग्राहकांच्या बाजारात मोठी किंमत येते. वस्तूचे मूल्य तिच्याशी जोडल्या गेलेल्या प्रसंगामुळे ठरते. त्यामुळे त्या प्रसंगाचा पुरावा किती भक्कम आहे, हा या व्यवहारातील मध्यवर्ती प्रश्न असतो.

ही व्यवस्था प्रामुख्याने अमेरिकेत विकसित झाली. मेजर लीग बेसबॉल या संघटनेने २००१ मध्ये सुरू केलेला कार्यक्रम तिचे सर्वांत व्यापक उदाहरण मानला जातो. प्रमाणीकरणाच्या निरनिराळ्या पद्धतींची विश्वासार्हता सारखी नाही. तटस्थ साक्षीदाराने सामन्याच्या वेळीच केलेली नोंद सर्वांत भक्कम ठरते, तर विक्रीत हितसंबंध असलेल्या व्यक्तीचे पत्र सर्वांत दुबळे ठरते, असे १९९० च्या दशकापासूनच्या खटल्यांवरून व वादांवरून दिसून येते.

संज्ञा

बाजारात वापरल्या जाणाऱ्या संज्ञांमध्ये सूक्ष्म पण महत्त्वाचा फरक असतो. ‘सामन्यात वापरलेली’ वस्तू म्हणजे प्रत्यक्ष खेळात वापरली गेलेली वस्तू. ‘सामन्यासाठी दिलेली’ किंवा ‘संघाने दिलेली’ वस्तू खेळाडूसाठीच तयार केलेली असते. मात्र ती मैदानात उतरलीच असेल असे नाही. ‘खेळाडूने परिधान केलेली’ या शब्दांत सामन्याचा उल्लेख नसतो. केवळ छायाचित्रणाच्या किंवा प्रसिद्धीच्या कार्यक्रमात काही मिनिटे अंगावर घातलेली जर्सीही या वर्गात बसू शकते. ‘प्रतिकृती’ ही चाहत्यांसाठी तयार केलेली वस्तू असते. या चारही प्रकारच्या वस्तू दिसायला जवळजवळ सारख्या असू शकतात, पण त्यांच्या किमतींत मोठी तफावत असते. दाखल्यात नेमकी कोणती संज्ञा वापरली आहे, यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या बहुतांश काळात खेळाडूंचे गणवेश व साहित्य जपून ठेवण्याची निश्चित पद्धत नव्हती. जर्सी पुढील हंगामात पुन्हा वापरल्या जात, दुय्यम संघांना दिल्या जात किंवा टाकून दिल्या जात. १९८० व १९९० च्या दशकांत संग्राहकांची संख्या वाढली, तसे जुन्या वस्तूंना मोल आले आणि बनावट वस्तूंचाही सुळसुळाट झाला.

१९९० च्या दशकात अमेरिकेच्या केंद्रीय अन्वेषण विभागाने, म्हणजे एफबीआयने, प्रथम शिकागो परिसरातील आणि नंतर कॅलिफोर्नियातील बनावट स्वाक्षऱ्यांच्या व्यापाराचा तपास केला. सॅन डिएगो येथील तपास ‘ऑपरेशन बुलपेन’ या नावाने ओळखला जातो. त्याची माहिती २००० मध्ये जाहीर झाली. अनेक टोळ्या उघडकीस आल्या आणि त्यांतील अनेकांवर दोष सिद्ध झाले. जप्त झालेल्या मालात मदर तेरेसा यांची बनावट स्वाक्षरी असलेले बेसबॉलचे चेंडूही होते. सॅन डिएगो पॅड्रेस संघाचा खेळाडू टोनी ग्विन याला आपल्या नावाच्या बनावट स्वाक्षऱ्या असलेल्या वस्तू संघाच्याच दुकानात आढळल्या होत्या. या तपासाचा मुख्य विषय स्वाक्षऱ्या हा असला, तरी संघाच्या अधिकृत दुकानातील वस्तूही खात्रीच्या नसतात, ही बाब त्यातून प्रथमच ठळकपणे पुढे आली.

त्याच काळात एकेका चेंडूला येणारी किंमतही वाढली. १९९८ च्या हंगामात मार्क मॅग्वायर याने ७० होमरन मारले. विक्रम जवळ आल्यावर त्याला टाकल्या जाणाऱ्या चेंडूंवर डोळ्यांना न दिसणाऱ्या खुणा करण्यात आल्या होत्या, जेणेकरून प्रेक्षकांत गेलेला खरा चेंडू ओळखता यावा. सत्तरावा चेंडू १९९९ मध्ये सुमारे ३० लाख डॉलरला विकला गेला.

प्रमाणीकरणाच्या पद्धती

प्रत्यक्ष साक्ष

मेजर लीग बेसबॉलच्या कार्यक्रमात प्रत्येक सामन्याला किमान एक प्रमाणक उपस्थित असतो. हे प्रमाणक संघांचे कर्मचारी नसतात. ते स्वतंत्र कंपनीमार्फत नेमले जातात. त्यांत सेवेत असलेल्या किंवा निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांचा मोठा भरणा असतो. प्रमाणक डगआउटमध्ये किंवा त्याच्या जवळ बसतो. खेळातून बाद झालेला चेंडू त्याच्याकडे आला की तो कोणत्या डावातील आहे, गोलंदाज व फलंदाज कोण होते, याची नोंद केली जाते. वस्तूवर क्रमांक असलेला होलोग्राम चिकटवला जातो. तो काढण्याचा प्रयत्न केल्यास फाटेल अशी त्याची रचना असते. तो क्रमांक संघटनेच्या संकेतस्थळावर टाकल्यास वस्तूची नोंद कोणालाही पाहता येते.

या पद्धतीचा मूलभूत नियम असा की, प्रमाणकाने जे पाहिले नाही त्याचा दाखला दिला जात नाही. प्रेक्षकांत गेलेला होमरनचा चेंडू काही क्षण नजरेआड होतो. म्हणून खेळाडूच्या कारकिर्दीतील कितीही मोठा प्रसंग असला, तरी सामान्यतः त्याला दाखला मिळत नाही. विक्रमाची शक्यता असल्यास आधीच खुणा केलेले चेंडू खेळात आणले जातात. ॲरन जज याने २०२२ मध्ये मारलेल्या ६२ व्या होमरनच्या वेळी असेच करण्यात आले होते. तो चेंडू १५ लाख डॉलरला विकला गेला. अमेरिकन फुटबॉलमधील सुपर बोल या अंतिम सामन्याच्या चेंडूंवर कृत्रिम डीएनए मिसळलेल्या शाईची खूण केली जाते.

छायाचित्र-जुळणी

या पद्धतीत वस्तूवरील वैशिष्ट्यांची सामन्यातील स्पष्ट छायाचित्रांशी तुलना केली जाते. शिवणीपाशी पट्ट्या कशा जुळतात, अक्षरे व आकडे किती तिरके शिवले आहेत, धागा कोठे निघाला आहे, डाग किंवा रफू कोठे आहे, बॅटच्या लाकडाच्या रेषा कशा आहेत, या बाबी प्रत्येक वस्तूत वेगळ्या असतात. त्या पुरेशा संख्येने जुळल्यास ती वस्तू छायाचित्रातीलच आहे, असा निष्कर्ष काढला जातो. मायग्रे आणि रिझोल्यूशन फोटोमॅचिंग या संस्था या क्षेत्रात प्रसिद्ध आहेत.

बेब रूथ याने १९३२ च्या वर्ल्ड सीरिजमधील तिसऱ्या सामन्यात घातलेली जर्सी २००५ मध्ये ९ लाख ४० हजार डॉलरला विकली गेली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये तिला २ कोटी ४१ लाख २० हजार डॉलर मिळाले. मधल्या काळात बाजार वाढला, तसेच छायाचित्र-जुळणीमुळे ती त्याच सामन्यातील असल्याचा दावाही बळकट झाला.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. छायाचित्र पुरेसे सुस्पष्ट नसल्यास जुळणी होत नाही, आणि जुळणी न होणे म्हणजे वस्तू बनावट असणे नव्हे. छायाचित्र केवळ एका क्षणाचा पुरावा देते. त्यानंतर वस्तूची धुलाई, दुरुस्ती किंवा फेरफार झाला काय, हे त्यावरून कळत नाही. जुळणी शोधण्याचे शुल्क बहुधा विक्रेताच देतो. त्यामुळे साम्यावर भर देण्याचा आणि विसंगतीकडे दुर्लक्ष करण्याचा धोका राहतो.

तज्ज्ञमत

साक्षीदार किंवा छायाचित्र उपलब्ध नसेल, तर परीक्षक वस्तूच्या बांधणीवरून मत देतात. कापड, धागा, उत्पादकाची पट्टी, मापे व वापराच्या खुणा त्या काळाशी सुसंगत आहेत काय, हे तपासले जाते. बेसबॉल बॅटच्या बाबतीत उत्पादकाकडील मागणीनोंदी उपयोगी पडतात. खेळाडूने मागवलेली लांबी व वजन त्या बॅटशी ताडून पाहता येते. मात्र वापराच्या खुणा कृत्रिमरीत्याही निर्माण करता येतात. शिवाय सुसंगत असणे आणि सिद्ध होणे यांत फरक आहे. त्या काळातील खरी जर्सी दुसऱ्याच खेळाडूची असू शकते.

खेळाडूचे किंवा संघाचे पत्र

‘ही वस्तू मी अमुक सामन्यात वापरली’ असे खेळाडूचे पत्र अनेकदा निर्णायक समजले जाते. तथापि खेळाडू एका हंगामात अनेक जर्सी व अनेक बॅटी वापरतो. नेमकी कोणती वस्तू कोणत्या दिवशी वापरली, हे त्याला स्मरत असेलच असे नाही. विक्रीतून त्याला मोबदला मिळत असल्यास तो तटस्थ साक्षीदारही राहत नाही.

विश्वासार्हतेसंबंधीची प्रकरणे

जो जॅक्सनची जर्सी

मेजर लीग बेसबॉलने १९९८ मध्ये एका विख्यात संग्राहकाकडून काही वस्तू विकत घेऊन कूपर्सटाउन येथील बेसबॉल संग्रहालयाला दिल्या. त्यांत ‘शूलेस’ जो जॅक्सन याची १९१९ ची म्हणून समजली जाणारी जर्सी होती. पुढे झालेल्या तपासणीत तिच्यावरील शिवणकामात १९४० च्या दशकापूर्वी उपलब्ध नसलेला रंग आढळला. जर्सी खेळाडूच्या नातेवाइकांकडून मिळाली, ही संग्राहकाची कथा तोवर पुराव्याच्या जागी स्वीकारली गेली होती. खरेदीदाराची वा संस्थेची प्रतिष्ठा तपासणीची जागा घेऊ शकत नाही, याचे उदाहरण म्हणून हे प्रकरण दिले जाते.

कार्डांमधील जर्सीचे तुकडे

१९९७ मध्ये अपर डेक या कंपनीने खेळाडूंच्या जर्सींचे लहान तुकडे बसवलेली बेसबॉल कार्डे बाजारात आणली. ही कल्पना लोकप्रिय झाली आणि कार्ड कंपन्यांना मोठ्या प्रमाणावर जर्सींची गरज भासू लागली. २०११ च्या सुमारास अमेरिकेच्या केंद्रीय वकिलांनी काही विक्रेत्यांवर आरोप ठेवले. बाजारातून घेतलेल्या जर्सींवर वापराच्या खुणा निर्माण करून त्या ‘सामन्यात वापरलेल्या’ म्हणून कार्ड कंपन्यांना विकल्या गेल्या, असा आरोप होता. काहींनी गुन्हा कबूल केला, तर एका संग्राहकावरील आरोप सरकारने २०१३ मध्ये मागे घेतले.

जर्सी कापून तिचे शेकडो तुकडे झाल्यावर पडताळणीचे बहुतेक मार्ग बंद होतात. अनेक कार्डांच्या मागील मजकूरही पुढे बदलला. कापड कोणत्याही विशिष्ट सामन्याशी किंवा हंगामाशी संबंधित नाही, असे त्यांवर छापले जाऊ लागले. याउलट २०२३ पासून बेसबॉलमध्ये पदार्पण करणाऱ्या खेळाडूच्या बाहीवर एक विशेष पट्टी लावली जाते. सामन्यानंतर ती प्रमाणकासमक्ष काढून कार्डात बसवली जाते. पॉल स्कीन्स याचे असे एकमेव कार्ड मार्च २०२५ मध्ये ११ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले.

एली मॅनिंग खटला

आरोप मागे घेतल्या गेलेल्या त्याच संग्राहकाने जानेवारी २०१४ मध्ये न्यू जर्सी राज्यात अमेरिकन फुटबॉलमधील न्यूयॉर्क जायंट्स संघ, त्याचा क्वार्टरबॅक एली मॅनिंग आणि स्टायनर स्पोर्ट्स ही विक्रेता कंपनी यांच्यावर दावा दाखल केला. सामन्यात न वापरलेली शिरस्त्राणे वापरलेली म्हणून विकली गेली, असे त्याचे म्हणणे होते. अन्य संग्राहकही दाव्यात सहभागी झाले. २०१७ मध्ये न्यायालयात सादर झालेल्या कागदपत्रांत मॅनिंगचा २०१० मधील एक ईमेल होता. त्यात त्याने संघाच्या साहित्य-व्यवस्थापकाकडे सामन्यात वापरलेली म्हणून चालू शकतील अशी दोन शिरस्त्राणे मागितली होती. आपल्या शब्दांचा विपर्यास केला जात आहे, असे मॅनिंगने सांगितले आणि सर्व प्रतिवादींनी आरोप नाकारले. मे २०१८ मध्ये सुनावणीच्या तोंडावर तडजोड झाली. तिच्या अटी गोपनीय ठेवण्यात आल्या आणि न्यायालयाने आरोपांच्या सत्यासत्यतेवर निर्णय दिला नाही.

या खटल्याचे महत्त्व निकालापेक्षा त्यातून दिसलेल्या रचनेत आहे. वस्तू देणारा, तिचा दाखला देणारा आणि विक्रीतून लाभ घेणारा हे सर्व एकाच करारसाखळीत होते. सामन्यानंतर शिरस्त्राण कोणी उचलले व कोठे ठेवले, याची स्वतंत्र नोंद करणारा कोणीही त्या साखळीत नव्हता.

मॅराडोनाची जर्सी

२२ जून १९८६ रोजी मेक्सिको सिटी येथे विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात दिएगो मॅराडोना याने इंग्लंडविरुद्ध दोन गोल केले. त्यांतील पहिला ‘हँड ऑफ गॉड’ या नावाने ओळखला जातो. सामन्यानंतर त्याने आपली जर्सी इंग्लंडच्या स्टीव्ह हॉज याच्याशी बदलली. मे २०२२ मध्ये सदबीज या लिलावगृहात ती ७१ लाख ४२ हजार ५०० पौंडांना विकली गेली. लिलावापूर्वी मॅराडोनाच्या कन्येने ही जर्सी पहिल्या सत्रातील असून गोल दुसऱ्या सत्रात झाले होते, असा आक्षेप घेतला. लिलावगृहाने छायाचित्र-जुळणीचा आधार देऊन तो फेटाळला.

या प्रकरणात जुळणी शक्य होण्यामागे एक योगायोग होता. अर्जेंटिनाच्या संघाने या सामन्यासाठी निळ्या जर्सी मेक्सिको सिटीतील दुकानातून ऐनवेळी विकत घेतल्या होत्या. त्यांवरील बोधचिन्हे घाईघाईने शिवण्यात आली, तर चंदेरी आकडे इस्त्रीने चिकटवण्यात आले. त्यामुळे प्रत्येक जर्सीत लहानसहान फरक राहिले. यंत्रावर एकसारख्या तयार होणाऱ्या आधुनिक जर्सींत असे फरक शोधणे अधिक कठीण असते.

बनावट होलोग्राम

जुलै २०२५ मध्ये इंडियाना राज्यातील वेस्टफील्ड येथे पोलिसांनी क्रीडावस्तूंच्या एका विक्रेत्याशी संबंधित जागांची झडती घेतली. त्या विक्रेत्याने सामाजिक माध्यमावर अनेक वर्षे बनावट स्वाक्षऱ्या व बनावट होलोग्राम वापरून ४० लाखांहून अधिक वस्तू विकल्याचा दावा केला होता. या आकड्यावर अनेक जाणकारांनी शंका व्यक्त केली. हे प्रकरण स्वाक्षऱ्यांचे असले, तरी होलोग्राम हीच खात्री मानणाऱ्या खरेदीदारांसाठी तो इशारा ठरला. होलोग्रामचे महत्त्व त्यावरील क्रमांकामागे असलेल्या नोंदीमुळे आहे. नोंदीतील वर्णन हातातील वस्तूशी जुळत नसेल, तर होलोग्राम खरा असूनही दाखला निरुपयोगी ठरतो.

मर्यादा

साक्षीवर आधारलेली व्यवस्था भक्कम असली, तरी तिची व्याप्ती काळाने बांधलेली आहे. बेसबॉलमध्ये २००१ पूर्वीच्या कोणत्याही वस्तूला तिचा लाभ मिळू शकत नाही, आणि सर्वाधिक किमतीच्या अनेक वस्तू त्यापूर्वीच्याच आहेत. त्यांच्यासाठी छायाचित्रे, कागदपत्रे व तज्ज्ञमत यांवरच विसंबावे लागते.

दुसरी मर्यादा हितसंबंधांची आहे. संघटना व संघ स्वतःच अशा वस्तूंची विक्री करतात. अमेरिकेतील एनबीए या बास्केटबॉल संघटनेने २०२३ मध्ये सामन्यातील जर्सींच्या लिलावासाठी सदबीजशी करार केला. अशा स्थितीत प्रमाणक कोणाकडून वेतन घेतो, त्याला दाखला नाकारण्याची मुभा आहे काय आणि नोंदी सर्वांना खुल्या आहेत काय, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

तिसरी बाब म्हणजे अस्सलपणा व मालकी हे भिन्न प्रश्न आहेत. बॅरी बाँड्स याच्या २००१ मधील ७३ व्या होमरनचा चेंडू कोणता, याविषयी वाद नव्हता. तो कोणाचा, याविषयी होता. सॅन फ्रान्सिस्कोतील न्यायालयाने २००२ मध्ये तो विकून रक्कम दोन्ही दावेदारांत समान वाटण्याचा आदेश दिला. पुढील वर्षी त्याला साडेचार लाख डॉलर मिळाले. शोहेई ओतानी याच्या २०२४ मधील ५० व्या होमरनच्या चेंडूवरूनही प्रेक्षकांत न्यायालयीन वाद झाला. वाद प्रलंबित असतानाच तो ४३ लाख ९२ हजार डॉलरला विकला गेला.

कायद्याचे लक्षही प्रामुख्याने स्वाक्षऱ्यांकडे राहिले आहे. कॅलिफोर्नियातील यासंबंधीचा कायदा स्वाक्षरी असलेल्या वस्तूंसाठी विक्रेत्याकडून प्रमाणपत्राची अपेक्षा करतो. वस्तू सामन्यात वापरली होती काय, हा त्याचा मुख्य विषय नाही.

क्रिकेट आणि भारत

क्रिकेटमध्ये सामन्यातील वस्तू जपण्याची परंपरा जुनी आहे. पाच बळी घेणाऱ्या गोलंदाजाने चेंडू ठेवून घेणे किंवा विजयानंतर खेळाडूंनी यष्ट्या उपटून नेणे, हे प्रकार सर्वपरिचित आहेत. दिवे लागणाऱ्या महागड्या यष्ट्या आल्यापासून यष्ट्या नेण्याची प्रथा मर्यादित झाली. या वस्तूंचा अस्सलपणा प्रामुख्याने खेळाडूचा शब्द आणि मालकीचा इतिहास यांवर ठरतो.

महेंद्रसिंह धोनी याने २ एप्रिल २०११ रोजी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर षटकार मारून विश्वचषकाचा अंतिम सामना जिंकून दिला. ती बॅट त्याच वर्षी जुलैमध्ये लंडन येथील धर्मादाय कार्यक्रमात १ लाख पौंडांना विकली गेली. शेन वॉर्न याची कसोटी सामन्यांतील हिरवी टोपी जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील वणवाग्रस्तांच्या मदतीसाठी १० लाखांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलरला विकली गेली. या दोन्ही वस्तू खेळाडूंनी स्वतःच लिलावासाठी दिल्या होत्या आणि विक्रीची रक्कम धर्मादाय कार्यासाठी होती. त्यामुळे मालकीची साखळी एकाच दुव्याची होती आणि दाखला देणाऱ्याला व्यक्तिगत लाभही नव्हता.

डॉन ब्रॅडमन याने १९४७-४८ च्या भारताविरुद्धच्या मालिकेत वापरलेली टोपी भारतीय संघाचे व्यवस्थापक पंकज गुप्ता यांना भेट दिली होती. या मालिकेत ब्रॅडमनने सहा डावांत ७१५ धावा केल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सिडनीतील लिलावात या टोपीवर ३ लाख ९० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची बोली लागली. शुल्कासह ही रक्कम ४ लाख ७९ हजार ७०० झाली. अशा जुन्या वस्तूंच्या बाबतीत भेट देणारा, घेणारा आणि त्यानंतरचे मालक यांची अखंड नोंद हाच मुख्य पुरावा असतो.

बॅटींच्या बाबतीत क्रिकेटमध्ये एक विशेष अडचण आहे. बॅटीवरील स्टिकर प्रायोजकाचा असतो, तर बॅट दुसऱ्याच कारागिराने घडवलेली असू शकते. त्यामुळे केवळ नाममुद्रेवरून बॅट ओळखता येत नाही. भारतात खोटा दाखला देऊन केलेली विक्री ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील अनुचित व्यापार प्रथांच्या आणि भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीच्या (कलम ३१८) तरतुदींखाली येऊ शकते.

मूल्यमापन

वरील प्रकरणांत बनावटपणाचे किंवा वादाचे मूळ बहुधा एकाच ठिकाणी आढळते. मैदानातून वस्तू बाहेर पडल्यापासून दाखला मिळेपर्यंतच्या काळात तिच्यावर कोणाचीही तटस्थ नजर नसते. जॅक्सनच्या जर्सीबाबत हा काळ अनेक दशकांचा होता. शिरस्त्राणांच्या खटल्यात तो केवळ साहित्याच्या खोलीपुरता होता. साक्षीवर आधारलेली व्यवस्था ही पोकळी भरून काढते, तर छायाचित्र-जुळणी ती काही प्रमाणात ओलांडू शकते. तज्ज्ञमत व पत्रे यांना मात्र ती गृहीत धरावी लागते.

त्यामुळे ‘प्रमाणित’ हा शब्द स्वतःहून पुरेसा ठरत नाही. दाखला कोणी दिला, त्याने वस्तू वापरली जाताना पाहिली काय, नेमका कोणता सामना नमूद केला आहे, नोंद स्वतंत्रपणे तपासता येते काय आणि दाखला देणाऱ्याला विक्रीतून लाभ होतो काय, या पाच प्रश्नांच्या उत्तरांवर त्या दाखल्याचे वजन ठरते. बेसबॉलमधील साध्या चेंडूला या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळू शकतात, तर कोट्यवधींच्या ऐतिहासिक जर्सीला त्यांपैकी काहींची कधीच मिळत नाहीत. किंमत आणि खात्री यांचे प्रमाण या बाजारात नेहमी सारखे नसते.